रथसप्तमीचा सडा

घोटावडे, ता. मुळशी
१२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
हेमाचा कृ. सा. न. वि. वि.

परवा सकाळी आम्ही दोघं सुखरूप घरी पोचलो. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुला डोळ्यांत राख टाकल्यासारखी दिसतात, त्यामुळे सगळ्या घोटावड्यात पोस्टाची तिकिटं विकत घेणारी मी एकटीच उरले आहे. पोस्टमास्तर मला बघितलं की न विचारता ड्रॉवर उघडतात.

तर आमची बिकानेरची वारी ऐक. जयसिंग तुला आठवत असेल. आमच्या मागच्या दोन खोल्यांत एकवीस वर्षं राहिला. पलीकडच्या कारखान्यात फिटर होता. भाड्यानं आला आणि घरचाच होऊन बसला. त्याची दिशा माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात मराठीतून शिकली. सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन तो वडिलांच्या घरी परत गेला, तेव्हापासून दर दिवाळीला या या म्हणत होता. ह्यांनाही कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. म्हटलं, गुडघे आहेत तोवर जाऊन येऊ.

घर शहराच्या कडेला आहे. मधोमध मोठं चुन्याचं अंगण, अगदी गुळगुळीत, मध्यभागी किंचित खोलगट. जयसिंगची बायको, आमची भाभी, तिथे कुणाला चपला घालून पाऊल टाकू देत नाही. मी तिला चिडवलं, की घोटावड्यात चिखलाच्या पायांनी माझ्या स्वयंपाकघरात येत होतात, आता बरं तुम्हाला सोवळं सुचलं. ती नुसती हसली.

चार तारखेला रथसप्तमी होती. तुझ्या भाच्यानं, निरंजननं, दारात पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून मला सडा म्हणून घालायला मिळत नाही, हे तुला माहीतच आहे. इथे एवढं मोठं अंगण समोर, शेजाऱ्याकडे दोन गायी. घरातली सगळी उठायच्या आत मी शेण मागून आणलं आणि बादल्याच्या बादल्या पाणी घेऊन छान सडा घातला. अंगणाच्या मध्ये मोरीचं भोक होतं, त्यात कुणीतरी फडकं कोंबलेलं. एवढ्या टापटिपीच्या घरात हे कसं राहिलं, म्हणत मी फडकं ओढून काढलं, तर तुंबलेलं सगळं पाणी झकास निघून गेलं. मग सूर्याच्या रथाची रांगोळी काढली, गोवरी पेटवून बोळक्यात दूध उतू जाऊ दिलं. भाभी उठून बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून बघतच राहिली. तिला आपलं घोटावड्याचं अंगण आठवलं असणार. माझेही डोळे भरून आले.

खरं म्हणजे त्या दिवशी घरीच आराम करायचा ठरला होता. भाभी डाळ-बाटी करणार होती. पण दहा मिनिटांत जयसिंग गाडीची किल्ली घेऊन हजर, आताच्या आता बिकानेर बघायला चला म्हणून. चहासुद्धा बाहेर टपरीवर. दिशाही येणार होती, ती ऐनवेळी राहिली. आधी किल्ला बघितला. लाल दगडाचा, आत आरसे, सोन्याची वेलबुट्टी, आणि पायऱ्या इतक्या की राजांना गुडघे नसावेत. मग उंटांचा फार्म. तिथे उंटिणीच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं, बरं असतं. मग तीस किलोमीटरवर उंदरांचं देऊळ. तिथे उंदीर पायावरून गेला तर भाग्य म्हणतात. ह्यांच्या पायावरून गेला आणि हे असे उडाले, की पुजारी पळत आला. मी अजून आठवून हसते.

पण ताई, आम्ही दमलो होतो. मी चारदा म्हटलं घरी जाऊ. दर वेळी जयसिंगचा फोन वाजायचा, तो बाजूला जाऊन बोलायचा आणि परत येऊन आणखी एखादं ठिकाण काढायचा. राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्या बघा, तळं बघा, भुजियाचा बाजार बघा. जेवण हॉटेलात. पाणी बाटलीचं. शेवटी राजघराण्याच्या छत्र्यांपाशी ह्यांचा तोल गेला. चार माणसांदेखत म्हणाले, की एकवीस वर्षं दर सणाला आमच्या चुलीवरचं जेवलास आणि तुझ्या घरात आमचं एक वेळचं जेवण जड झालं का. जयसिंग मान खाली घालून गाडीकडे गेला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

दिवेलागणीला घरी आलो तर सगळं अंगण धुतलेलं. माझी रांगोळी गायब. भाभीचे हात लाल, साडी गुडघ्यापर्यंत ओली, दिशा भिंतीला टेकून बसलेली. मी फुरंगटून म्हटलं, सणाच्या दिवशी रांगोळी पुसायची नसते. रात्रीचा चहाही खारट लागला, तेही बोलून दाखवलं.

निघताना भाभीनं कॅनव्हासची पाण्याची पिशवी दिली. तिकडे तिला छागल म्हणतात. वाटेत हेच पाणी प्या म्हणून दहादा बजावलं. जयसिंग मात्र गाडी सुटायच्या आधीच स्टेशनवरून गेला, म्हणे कार चुकीच्या जागी लावली होती. आबू रोडला ह्यांना पाण्याला ताडपत्रीचा वास आला, म्हणून गार बाटली घेतली. छागलच्या पाण्यात मी डबे विसळले, उरलं त्यात पाय धुतले. पिशवी मात्र टिकाऊ आहे. मी तिच्यात कपड्यांचे चिमटे ठेवले आहेत.

एकूण माणसं बदलतात, एवढंच कळलं. भोरला थंडी कशी आहे? लोभ आहेच, पत्राचा आळस करू नये.

तुझी,
हेमा


भोर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हेमलता हिस,
चंद्राताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. उंदरापर्यंत हसत वाचलं. मग मागे जाऊन सड्याचा भाग पुन्हा वाचला आणि हसू गेलं.

विठ्ठलराव फौजेत असताना आमची तीन वर्षं बाडमेरला गेली, हे तू विसरलीस. त्या मुलखात नळाचं पाणी खारं. प्यायचं पाणी म्हणजे श्रावणात पडलेला पाऊस. तो अंगणात किंवा गच्चीवर पडतो आणि एका भोकातून अंगणाखालच्या टाक्यात उतरतो. तेच पाणी पुढच्या पावसापर्यंत घरानं प्यायचं. म्हणून त्या अंगणात चपला घालत नाहीत. आमची शेजारीण तिथे थुंकलेल्या पोराला अशी बडवायची की मला मध्ये पडावं लागे.

हेमा, मोरीत कुणी फडकं कोंबत नाही. मोरीतून पाणी जायला हवं असतं. फडकं कोंबतात ते आत काही जाऊ नये म्हणून.

मी म्हातारी, बहिरी, चारशे कोसांवर बसलेली. माझं चुकत असेल तर देवाला नारळ देईन. पण दिवसभर तुम्हाला घराबाहेर ठेवलं, बाटलीचं पाणी पाजलं, आणि संध्याकाळी अंगण धुतलेलं, चहा खारट, बायकोची साडी ओली. आता तूच जुळव. तू तर गणित शिकवत होतीस.

दयानंदरावांना लगेच सांगू नकोस. त्यांना रक्तदाब आहे. आधी दिशाला विचार. आणि विचारताना पहिल्यांदा विषय सोडून चार गोष्टी लिहायची तुझी सवय आहे, ती या वेळी ठेवू नकोस.

तब्येतीस जपावं. मनाला मात्र थोडं लागू द्यावं.

तुझी,
चंद्राताई


घोटावडे
२६ फेब्रुवारी २०२५

चि. दिशा हिस,
बाईंचे अनेक आशीर्वाद.

फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर मला विचारता आलं नसतं, म्हणून लिहिते.

रथसप्तमीच्या दिवशी मी अंगणातलं जे फडकं काढलं, ते कशाचं होतं? माझा शेणसडा कुठे गेला? आम्ही दिवसभर फिरत होतो तेव्हा तू आणि तुझी आई घरी काय करत होतात?

चौथीत तुला पत्रलेखन शिकवताना मी सांगितलं होतं, की पत्रात बरं वाटेल ते नाही, आहे ते लिहायचं. तुझ्या बाबांनी काहीही बजावलं असलं तरी मला आहे ते लिही. मी तुझी बाई आहे, एवढं एकदाच माझ्या बाजूनं धर.

काकांना अजून काही माहीत नाही. उत्तराची वाट पाहते. रागावली असशील तरी चालेल, पण लिही.

तुझ्या बाई,
हेमलता


बिकानेर
११ मार्च २०२५

ती. स्व. बाईंना,
दिशाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बँकेच्या पत्त्यावर आलं हे बरं झालं. बाबांच्या हाती पडलं असतं तर त्यांनी ते आधी उशीखाली ठेवलं असतं. तुमचं पत्र वाचून मी जेवणाच्या सुट्टीत रडले. बाबांनी आम्हाला शपथ घातली होती, की बाईंच्या कानावर हे कधीच जाता कामा नये. शपथ मोडतेय. तुम्ही विचारलं नसतं तर मोडली नसती.

बाई, ती मोरी नव्हती. अंगणाखाली आमचं कुंड आहे, आजोबांनी बांधलेलं. या वर्षी पाऊस बरा झाला होता, माघात पण ते अर्धं भरलेलं होतं. आषाढापर्यंत पुरलं असतं. आईला दोनदा मूतखडा झालाय, डॉक्टरांनी नळाचं पाणी बंद केलंय, म्हणून ते पाणी मुख्यतः तिचंच. आई बाहेर आली तेव्हा शेणाचं पाणी आत उतरत होतं. ती आत येऊन म्हणाली, की वहिनी किती आनंदात आहेत, आत्ता सांगायचं नाही. बाबा म्हणाले, पाहुण्यानं आपल्या दारात सडा घातला, त्याला कुणी चूक म्हणत नाही. ते तुम्हाला घेऊन निघाले आणि आम्ही पंप भाड्यानं आणला.

संध्याकाळपर्यंत पाणी उपसलं. फेकवलं नाही. शेजाऱ्यांच्या गायींच्या हौदात सोडलं. शेण ज्या गायींचं, पाणीही त्यांनाच गेलं, यावर आई हसली, म्हणून मीही हसले. मग दोन माणसं आत उतरली, मीही उतरले, चुन्यानं घासलं. दर तासाला बाबांचा फोन यायचा, की झालं का, घरी आणू का. मी म्हणायचे, आणखी एक ठिकाण दाखवा. शेवटी त्यांना ठिकाणंच सुचेनात. छत्र्यांपाशी ते आयुष्यात दुसऱ्यांदा गेले.

काका तिथे काय बोलले ते बाबांनी सांगितलं नाही. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि कारण विचारल्यावर दात दुखतो म्हणाले. त्यांची कवळी आहे, बाई.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. आईसाठी आता कॅन येतात, चाललंय. आईला एका गोष्टीचं फार समाधान आहे, ते मात्र सांगायलाच हवं. आदल्या संध्याकाळी तिनं कुंडातून दोन घागरी भरून स्वयंपाकघरात ठेवल्या होत्या. तेवढंच चांगलं पाणी वाचलं. त्यातलं तिनं स्वतः एक भांडंही घेतलं नाही. तुम्ही होतात तोवर तुमच्या जेवणात तेच वाढलं, आणि उरलेलं छागलमध्ये भरून तुम्हाला दिलं. ती रोज विचारते, की ते पाणी पुण्यापर्यंत पुरलं का, वहिनींना गोड लागलं का. तेवढं मला कळवा, म्हणजे तिला वाचून दाखवीन.

शुद्धलेखन कच्चं झालंय. रागावा, पण आमच्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची विद्यार्थिनी,
दिशा


घोटावडे
२० मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नारळ देऊ नकोस. तुझं खरं निघालं. दिशाचं पत्र सोबत पाठवते, वाचून परत कर.

मी सगळं ह्यांना वाचून दाखवलं. चौतीस वर्षं कासारसाईच्या धरणाचं पाणी ह्यांनी वाटलं. कुणी रात्रीत पाट फोडला, कुणी दुसऱ्याची पाळी चोरली, की हे अख्ख्या गावासमोर त्याला सुनवायचे, की पाण्याची लाज नसलेल्या माणसाला कशाचीच लाज नसते. पत्र संपल्यावर हे उठून मागच्या दोन खोल्यांच्या कडीपाशी जाऊन उभे राहिले. तिथे आता कंपनीतली चार मुलं राहतात, ती घरात नव्हती.  मग म्हणाले, की मी त्याच्या जेवणाचा हिशोब काढला, आणि त्याच्या घरची बाई त्या वेळी माझी घाण उपसत होती.

मला सड्याची लाज वाटते, पण ती सोसता येते. न कळून झालं, असं म्हणता येतं. फडकं काढताना मी मनात जे बोलले, की एवढ्या टापटिपीच्या घरात हे कसं राहिलं, त्याची जास्त वाटते. बत्तीस वर्षं मी पोरांना सांगितलं, की दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि छागलची तर लाज मला गिळवत नाही. त्या पाण्यात मी पाय धुतले, ताई. माझे पाय.

हे म्हणतात, की पाणी तर गेलंच, पिऊन गेलं काय आणि सांडून गेलं काय. भाभीला लिही की पुण्यापर्यंत पुरलं, अमृतासारखं लागलं. तिचा जीव थंड होईल, त्यात कुणाचं नुकसान आहे? मी तसं लिहिलंसुद्धा. पाकीट चिकटवून पत्ता घातला. तीन दिवस ते देवापुढे पडून आहे. पोस्टात न्यायला पाय उचलत नाही. दिशाला मी आहे ते लिही म्हणून लिहिलं होतं, आणि आता मीच.

तू मोठी आहेस. हे पाकीट टाकू की फाडू, तेवढं सांग. आज लोभाचं काही लिहवत नाही.

हेमा


भोर
२८ मार्च २०२५

चि. हेमास,
आशीर्वाद.

फाड. त्यांच्या घरी जे उरलं होतं ते त्यांनी तुला दिलं, आता तुझ्याकडे जे आहे ते तू त्यांना दे. तुझ्याकडे फक्त खरं आहे. ते कडू आहे, पण तुझंच आहे.

दिशाचं पत्र परत पाठवते आहे. अक्षर छान वळवलंस तिचं.

चंद्राताई


घोटावडे
३ एप्रिल २०२५

श्री. जयसिंग भाऊ आणि सौ. भाभी यांना,
हेमलताचा नमस्कार. पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहिते आहे आणि ते असं लिहावं लागतंय.

दिशाला रागावू नका. मी बाई म्हणून तिला अडवून विचारलं. सगळं कळलं. तुमचं कुंड मी नासवलं. फडकं कशाचं आहे हे विचारायला एक हाक पुरली असती, तुम्ही दोघं दहा पावलांवर झोपला होता. पण मला वाटलं मला सगळं कळतं. वर मी रांगोळी पुसली म्हणून रुसले आणि खारट चहाला नाव ठेवलं. भाभी, त्या चहाच्या वेळी तुमचे हात लाल होते हे मला दिसलं होतं. ते कशानं झाले हे विचारायचं मला सुचलं नाही.

आता जे लिहायचं त्यासाठी हे पत्र आहे. भाभी रोज विचारतात, की छागलचं पाणी पुरलं का. भाभी, आम्ही ते प्यायलो नाही. ह्यांना वास आला म्हणून आबू रोडला गार बाटली घेतली. तुमच्या पाण्यात मी जेवणाचे डबे विसळले आणि फलाटाच्या कडेला बसून पाय धुतले. छागल आणून मी तिच्यात कपड्यांचे चिमटे ठेवले होते. दिशाचं पत्र आलं त्या दिवशी ते काढले. तेव्हापासून ती रिकामीच खुंटीला आहे आणि स्वयंपाकघरात जाता-येता मला दिसते.

गोड लागलं म्हणून लिहायचं माझ्या मनात होतं. तसं पत्र लिहून तयारही केलं होतं. तेही तुम्हाला सांगते, म्हणजे माझ्याकडे लपवलेलं काही राहणार नाही.

क्षमा करा असं लिहायला हात धजत नाही. तुम्ही आमच्यावर माया ठेवा असंही या वेळी म्हणत नाही. आमची तुमच्यावर आहे, एवढंच खरं आहे.

आपली,
हेमलता

जयसिंग,
छत्र्यांपाशी मी जे बोललो ते चार माणसांत बोललो. माफी मात्र कागदावर मागतोय, यालाही हिंमत म्हणत नाहीत. समोर येऊन मागायची आहे. येऊ का, ते तू सांग. नको म्हणालास तरी समजेन.
दयानंद


बिकानेर
२७ एप्रिल २०२५

दादा आन वैनीस्नी,
जयसिंगचा रामराम.

दिशा म्हनाली, बाबा तुमी सांगा, मी लिवते. म्या म्हनलं न्हाई. हितं मराठी बोलायला मानूस न्हाई, लिवायला तरी मिळू दे. चुकलं तर वैनींनी लाल पेन घ्यावा.

खरं सांगतो. राग आला व्हता. पान्याचा आला, पन त्यो दुपारपर्यंत गेला. पाऊस काय, फुडल्या साली पडंल. दादा जे बोलले त्यो राग गेला न्हाई. टेशनावर गाडी चुकीच्या जागी लावली न्हवती. तुमच्या तोंडाकडं बघवंना म्हनून निगून आलो. मागनं सुटलेली तुमची आगगाडी दिसंना झाली तवर पुलावर हुबा व्हतो.

छागलचं वाचलं तवा हिनं ताट बाजूला सारलं. दोन दिस कुनाशी बोलली न्हाई. म्या इचार केला, आता घोटावड्याचं घर तुटलं. तिसऱ्या दिशी सकाळी अंगण झाडताना मला म्हनाली, की पावना आसता तर त्यानं ह्ये लिवलं नसतं. पानी लई गोड व्हतं म्हनून लिवलं आसतं, आन आपुनबी खुश झालो आसतो. मंग परत झाडाया लागली.

तवापासनं माज्या डोक्यात त्योच शबूद हाय. पावना. वैनी, तुमी भोकातलं फडकं काढल्यालं कळलं तवा म्या तितंच हाक मारून म्हनायला पायजे व्हतं, वैनी थांबा, ह्ये काय केलं तुमी. घोटावड्यात दादांच्या विहिरीवर म्या पयल्या वर्साला साबन लावून आंघोळ केली, तर दादांनी मला सगळ्या आळीत शिव्या घातल्या व्हत्या. त्या दिसापासनं मी त्या घरचा झालो. तुमाला म्या शिवी दिली न्हाई. दिवसभर गाडीतनं फिरिवलं, इमारती दावल्या, बाटलीचं पानी पाजलं. पावन्यावानी. लाज तुमालाच हाय आसं न्हाई.

आता ऐका. ज्या अंगणात तुमी सडा घातला त्याला आमी आगोर म्हनतो. जेठात, पावसाच्या आदी, ह्यो आगोर घासून काढायचा आसतो. भेगा चुन्यानं बुजवायच्या, गच्ची धुवायची, कुंडाचं तोंड साफ करायचं. घरच्या मानसांनीच करायचं, पावन्याला ह्ये काम देत न्हाईत. माजं गुडगं गेलं, हिला वाकवत न्हाई, दिशा बँकेत. मे म्हयना संपायच्या आत या. दादांना सांगा, छत्र्यांपाशी माफी मागायची न्हाई, हातात ब्रश घ्यायचा. वैनींनी फडकं कुटं आन कसं कोंबायचं त्ये हिच्याकडनं शिकून घ्यावं. ही म्हनाली, शिकंपर्यंत मारीन.

कॅनचं पानी प्यावं लागंल. चहा खारटच हाय, नाव ठिवायचं न्हाई.

छागल संगं आना. भरायला आषाढ उजाडंल, तवर हितंच ऱ्हायचं. आन आबू रोडाला ती उघडायची न्हाई, ह्ये आताच सांगून ठिवतो.

राग थोडा हाय, लोभ लई हाय. दोनी संगट घ्या.

तुमचा जुना भाडेकरू,
जयसिंग